शिक्का खरा, पत्र खोटे

इसवी सन १४५३ च्या सुमारास कोकणातल्या दाभोळ बंदरात इराणकडचा एक व्यापारी उतरला. त्याने चाळिशी ओलांडली होती. बरोबर विक्रीचा माल होता आणि बेत साधा होता. घाट चढून बीदरला जायचे, तिथल्या एका सूफी घराण्यातल्या बुजुर्गांची भेट घ्यायची, माल विकायचा आणि मग दिल्लीची वाट धरायची. दिल्ली त्याला कधीच दिसली नाही. दख्खनने त्याला ठेवून घेतले. पुढची अठ्ठावीस वर्षे तो बहमनी राज्याच्या सेवेत राहिला, त्यातली पंधरा मुख्य वजीर म्हणून. ज्या राज्याची हद्द त्याने एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत नेली, त्याच राज्याच्या सुलतानाने कसलीही चौकशी न करता त्याचे डोके उडवले.

हा व्यापारी म्हणजे ख्वाजा इमादुद्दीन महमूद गिलानी. इतिहास त्याला महमूद गावान या नावाने ओळखतो. बहमनी राज्य फुटले आणि त्याच्या पाच शाह्या झाल्या, एवढे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते. ते का फुटले, हे समजून घ्यायचे तर या एका माणसाचे आयुष्य पाहावे. राज्याची ताकद त्यात दिसते आणि राज्याला लागलेली कीडही त्यातच दिसते.

खाडीकाठी पडलेली ठिणगी

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये दौलताबादला झाली. दिल्लीच्या तुघलकांविरुद्ध उठलेल्या सरदारांनी हसन नावाच्या आपल्यातल्याच एकाला सुलतान केले. राजधानी गुलबर्ग्याला गेली, पुढे अहमदशहा वलीच्या काळात बीदरला आली. मराठवाडा, वऱ्हाड, पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग, कर्नाटक आणि तेलंगणचे पट्टे या राज्यात होते. दरबाराची भाषा फारसी होती, पण गावचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांच्याच हाती होता.

या दरबारात दोन गट होते. एक दख्खनी. यांचे वाडवडील दिल्लीकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले, किंवा मूळचे इथलेच आणि नंतर इस्लाम स्वीकारलेले. आफ्रिकेतून आलेले हबशी सरदारही बहुधा यांच्याच बाजूला असत. दुसरा गट आफाकी, म्हणजे क्षितिजापलीकडून आलेल्यांचा. इराण, इराक, तुर्कस्तानातून समुद्रमार्गे आलेले हे लोक लढाईत आणि लेखणीत तरबेज होते, आणि सुलतान त्यांना मानाने बोलावून घेत. आफाक्यांत शिया बरेच होते, दख्खन्यांत सुन्नी जास्त. पण भांडणाचे मूळ पंथात नव्हते. जहागीर कुणाला, सुभा कुणाला आणि तख्ताजवळची जागा कुणाला, हा खरा वाद होता.

या वादाची एक मोठी ठिणगी आजच्या नवी मुंबईपासून हाकेच्या अंतरावर पडली. ज्या खाडीच्या पूर्वेला आज पावणे, घणसोली, कोपरखैरणे ही गावे शहरात सामावली आहेत, तिच्याच वरच्या टोकाला ठाणे आहे आणि पलीकडच्या अंगाला माहीम. त्या काळी ही दोन्ही ठिकाणे गुजरातच्या सुलतानाकडे होती. १४३० च्या सुमारास बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने माहीमवर ताबा मिळवला. गुजरातचा शहजादा आरमार आणि फौज घेऊन आला. ठाण्यात आणि माहीमला झालेल्या लढायांत बहमनी सैन्याचा सपशेल पराभव झाला.

खलफ हसन आफाकी होता. पराभवाचे खापर कुणावर फोडायचे यावरून दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले. दख्खनी सरदारांनी मत्सरापोटी साथ दिली नाही, अशी त्याची तक्रार होती. काही वर्षांनी खानदेशच्या सुलतानाने वऱ्हाडवर स्वारी केली, तेव्हा त्याने एकच अट घातली. आपल्याबरोबर फक्त आफाकी फौज हवी. सुलतानाने ती मान्य केली. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ खलफ हसनने विजय मिळवला आणि सुलतानाने खूश होऊन फर्मान काढले की यापुढे दरबारात आफाकी तख्ताच्या उजव्या हाताला बसतील आणि दख्खनी डाव्या हाताला. एका विजयाचे बक्षीस म्हणून सुलतानाने स्वतःच्या दरबाराची अधिकृत फाळणी करून टाकली.

त्याची किंमत दहा-बारा वर्षांतच चुकवावी लागली. खलफ हसन कोकणच्या मोहिमेवर गेला असता शिर्के आणि खेळण्याचा राजा यांनी त्याला सह्याद्रीच्या दाट जंगलात गाठून संपवले. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले की हे लोक फितूर होण्याच्या बेतात आहेत. खबर खोटी होती. सुलतानाने मात्र खातरजमा न करता शिक्षेची परवानगी दिली. चाकणला वेढा पडला. शेवटी अभयाचे वचन देऊन, मेजवानीला बोलावून आफाक्यांची कत्तल करण्यात आली. सत्य कळल्यावर सुलतानाने दोषींना शिक्षा केल्या, पण मेलेले परत आले नाहीत आणि मनातली अढीही गेली नाही.

महमूद दाभोळला उतरला तो या सगळ्यानंतर थोड्याच वर्षांनी.

गिलानचा ख्वाजा

महमूदचा जन्म १४११ चा, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातल्या गावान गावचा. घराणे वजिरांचे. पण दरबारी हेवेदावे वाढले, राज्यकर्त्यांची मर्जी फिरली आणि तरुण महमूदला घर सोडावे लागले. तो व्यापारात शिरला. कैरो, दमास्कस अशा शहरांत फिरला. माल विकता विकता तिथल्या विद्वानांच्या पायाशी बसून शिकला. दरबारातल्या कुजबुजीने माणूस देशोधडीला कसा लागतो, हे दख्खनला येण्याआधीच त्याने भोगले होते.

बीदरला सुलतान अलाउद्दीन अहमद याने त्याला ठेवून घेतले. नलगोंड्याकडचे एक बंड मोडायला पाठवले आणि महमूदने ते मोडले. पुढचा सुलतान हुमायून याचा लौकिक क्रूरपणाबद्दल होता. पण त्यानेच महमूदला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, हा किताब आणि विजापूरचा सुभा दिला. हाच किताब पूर्वी खलफ हसनकडे होता.

१४६१ मध्ये हुमायून वारला तेव्हा गादीवर बसायला आठ वर्षांचा मुलगा होता. राजमाता, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गावान या तिघांनी मिळून कारभार हाती घेतला. पोरसवदा राजा पाहून माळव्याच्या सुलतानाने स्वारी केली आणि त्याची फौज थेट बीदर शहरात शिरली. अशा वेळी महमूदने मदत मागितली ती गुजरातकडे. ज्यांच्याशी ठाणे-माहीमला लढाई झाली होती, त्याच गुजरातचा तरुण सुलतान महमूद बेगडा मदतीला आला आणि माळव्याच्या फौजेला माघार घ्यावी लागली. कालचा शत्रू आज शेजारी म्हणून उपयोगी पडू शकतो, ही समज महमूदकडे होती. आपल्याच दरबारातल्या माणसांच्या बाबतीत ती समज पुरी पडली नाही, ही पुढची गोष्ट.

बालराजा दोन वर्षांत वारला. त्याचा धाकटा भाऊ मुहम्मद तिसरा गादीवर आला, तोही नऊ-दहा वर्षांचाच. १४६६ मध्ये ख्वाजा जहाँ तुर्काचा भर दरबारात खून झाला आणि महमूद गावान मुख्य वजीर बनला. वाढत्या वयाच्या सुलतानाचा तो वजीर होता आणि जवळजवळ पालकही.

दोन समुद्रांमधले राज्य

१४६९ ते १४७२ या काळात महमूद स्वतः कोकणच्या मोहिमेवर होता. खेळणा आणि संगमेश्वरच्या राजांची गलबते व्यापारी जहाजे आणि हजच्या यात्रेकरूंची जहाजे लुटत, हे त्या मोहिमेचे सांगितलेले कारण. खलफ हसनचा शेवट जिथे झाला त्याच डोंगरात महमूदने घाई केली नाही. जंगल तोडत, पावसाळ्यात माघार घेत, पुन्हा चढाई करत त्याने दोन-तीन वर्षे घालवली. काही किल्ले लढून घेतले, काही पैसे मोजून. १४७२ च्या फेब्रुवारीत विजयनगरच्या ताब्यातले गोवा बंदर त्याने घेतले. अरबी घोड्यांचा व्यापार ज्या बंदरातून चाले, ते बंदर बहमनी राज्याला मिळाले. पुढे बेळगाव पडले. पूर्वेकडे राजमहेंद्री आणि बंगालच्या उपसागराचा किनारा हाती आला.

या मोहिमा म्हणजे नुसती शौर्यगाथा नव्हे. गावे उजाड झाली आणि खजिना रिकामा झाला. मोहिमेवरून लिहिलेल्या पत्रांत खुद्द महमूदने वेगळेच दुःख मांडले आहे. आपण इकडे डोंगरात लढतो आहोत आणि बीदरमध्ये बसलेले विरोधक रसद आणि मदत अडवून धरत आहेत, अशी त्याची तक्रार आहे. त्याच्या पत्रांचा संग्रह रियाज-उल-इन्शा या नावाने आजही उपलब्ध आहे.

तो विजयी होऊन परतला तेव्हा सुलतान आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. राजमातेने त्याला भाऊ म्हटले. अशा मानानंतर माणसाला काय वाटावे? इतिहासकार फिरिश्ता सांगतो की सुलतान निघून गेल्यावर महमूद आपल्या खोलीत गेला, भरजरी पोशाख उतरवला, जमिनीवर पडून रडला आणि मग फकिराचा वेश घालून बाहेर आला. शहरातल्या विद्वानांना आणि गरजूंना बोलावून त्याने आपले धन वाटून टाकले. पुस्तके ठेवली, कारण ती विद्यार्थ्यांची होती. हत्ती-घोडे ठेवले, कारण ते सुलतानाचे होते. मान मिळाल्यावर मनात अहंकार डोकावला, त्याची त्याला भीती वाटली होती.

त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. त्याने लिहून ठेवलेले चित्र मात्र वेगळे आहे. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात, पुढेमागे घोडेस्वार आणि वाजंत्री असतात, आणि खेड्यातली रयत उघडीवाघडी. आपल्या सणांचे पंचांग हरवलेल्या या ख्रिस्ती प्रवाशाने इथल्या मुसलमानांबरोबर त्यांच्या रोजाच्या महिन्यात उपवास धरला, हेही त्याने नोंदवले आहे. राज्य किती श्रीमंत दिसत होते आणि ती श्रीमंती किती थोड्या घरांत साठली होती, हे त्याच्या वर्णनात उमटते. मोहिमांमागून दोन वर्षे सलग पाऊस पडला नाही. दुष्काळात माणसे मेली, गावे सोडून गेली.

मदरसा आणि मातीची भांडी

बीदरमध्ये महमूदने १४७२ मध्ये मदरसा बांधून पूर्ण केला. तीन मजली इमारत, निळ्या-पिवळ्या टाइलांनी मढलेले मिनार, विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, मशीद आणि सुमारे तीन हजार पुस्तकांचे ग्रंथालय. राहणे, खाणे आणि शिकणे फुकट. इराण-तुर्कस्तानातल्या नामवंत विद्वानांना त्याने पत्रे पाठवून बोलावले. कवी जामीशी त्याचा पत्रव्यवहार होता.

स्वतःचे राहणे अगदी वेगळे. व्यापारासाठी घरून आणलेल्या भांडवलावर तो वजीर झाल्यावरही व्यापार चालू ठेवत असे आणि घरखर्च त्या नफ्यातून भागवी. जहागिरीचे उत्पन्न फौजेला आणि कारभाराला जाई. मातीच्या भांड्यांत शिजवलेले खायचे, चटईवर झोपायचे. जुम्म्याच्या रात्री वेश पालटून मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरायचे आणि गरजूंच्या हातात पैसे ठेवताना ते सुलतानाकडून आले आहेत असे सांगायचे. हुद्दा ही अमानत आहे, ती आपली मालकी नव्हे, ही गोष्ट त्याने आचरणात आणली होती.

हिशेबाचा जाच

राज्य वाढले आणि अडचणही वाढली. पूर्वी चार सुभे होते. आता प्रत्येक सुभा इतका मोठा झाला की सुभेदार मनात आणील तर स्वतंत्र राजा होऊ शकेल. महमूदने हे ओळखले. त्याने चाराचे आठ सुभे केले. वऱ्हाडचे गाविल आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे विजापूर आणि गुलबर्गा, तेलंगणचे राजमहेंद्री आणि वरंगळ. नेमणुका करताना दोन्ही गटांचा तोल राखला. गाविल, माहूर, राजमहेंद्री आणि गुलबर्गा दख्खनी-हबशी बाजूला, दौलताबाद आणि जुन्नर आफाक्यांकडे, विजापूर स्वतःकडे.

याशिवाय त्याने तीन गोष्टी केल्या. पूर्वी सुभ्यातले सगळे किल्ले सुभेदाराच्या हाती असत. आता त्याच्याकडे एकच किल्ला राहिला आणि बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार आले. प्रत्येक सुभ्यातले काही परगणे खालसा करून त्यांचा वसूल सुलतानाच्या खजिन्यात जमा होऊ लागला. आणि फौजेची हजेरी सुरू झाली. पाचशे स्वारांसाठी सरदाराला वर्षाला एक लाख होन मिळत. महमूदने ते सव्वा लाख केले, पण हजेरीत स्वार कमी भरले तर तेवढी रक्कम कापली जाऊ लागली. जमिनीची मोजणी झाली, गावांच्या सीमा ठरल्या.

हे सगळे रयतेच्या आणि राज्याच्या हिताचे होते. पण कागदावर पाचशे स्वार दाखवून तीनशे पोसणाऱ्या सरदाराला ते कसे रुचावे? गट कोणताही असो, दुखावला गेला तो प्रत्येक बलाढ्य सरदार. आणि दख्खनी सरदारांना आपल्या रागाला नाव देणे सोपे होते. हा परका माणूस आपले हक्क काढून घेतो आहे.

नाराजांत पुढे होता मलिक हसन. त्याचे घराणे मूळचे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे असे सांगतात. लहानपणी विजयनगरच्या लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, आणि कर्तबगारीवर निजाम-उल-मुल्क या किताबापर्यंत चढला. तेलंगणचा मोठा सुभा त्याच्या हातात होता. महमूदने त्याचे दोन तुकडे केले तेव्हा त्यातला एकच त्याच्याकडे राहिला.

कोंडापल्लीची छावणी

१४८१ चा मार्च-एप्रिल. सुलतान मुहम्मद कांचीपर्यंत स्वारी करून आंध्रातल्या कोंडापल्लीच्या छावणीत परतला होता. महमूदचा मानसपुत्र म्हणवणारा युसूफ आदिलखान दूर मोहिमेवर होता. कट करणाऱ्यांना हवी होती ती संधी आली.

महमूदचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराशी त्यांनी दोस्ती केली, त्याला भेटी दिल्या, दारू पाजली आणि नशेत त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कागदावर मग मजकूर लिहिला गेला. महमूद गावान ओरिसाच्या राजाला लिहितो आहे की सुलतान दारूत बुडाला आहे, राज्य खिळखिळे आहे, तुम्ही या, आपण वाटून घेऊ. हे पत्र वाटेत पकडल्याचे भासवून ते नशेत असलेल्या सुलतानापुढे ठेवण्यात आले.

सुलतान तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने पत्र आणणाऱ्याला काही विचारले नाही. शिक्का ज्याच्याकडे असे त्याला बोलावले नाही. महमूदला तातडीने हजर होण्याचा हुकूम सुटला. मित्रांनी महमूदला सांगितले की आज जाऊ नका, तब्येतीचे निमित्त करा, किंवा पदरचे घोडदळ घेऊन सरळ गुजरातला निघून जा. त्याने ऐकले नाही. ज्या घराण्याच्या सेवेत दाढी पांढरी झाली, त्याच घराण्याच्या हातून ती रक्ताने लाल झाली तरी चालेल, अशा आशयाचे काहीतरी तो बोलला आणि निघाला.

सुलतानाने विचारले की धन्याशी बेइमानी करणाऱ्याला काय शिक्षा असावी. महमूदने तलवार हे उत्तर दिले. मग पत्र पुढे आले. ते पाहून त्याने सांगितले की शिक्का आपलाच आहे, पण पत्र आपले नाही. सुलतान उठून आत निघाला आणि जौहर नावाच्या गुलामाला त्याने इशारा केला. तारीख ५ एप्रिल १४८१. महमूद सत्तर वर्षांचा होता. मरण्यापूर्वी त्याने सुलतानाला एवढेच बजावले की एका म्हाताऱ्याचे मरण ही मोठी गोष्ट नाही, पण यात तुमच्या राज्याचा नाश आहे.

मग सुलतानाने त्याच्या दौलतीचा शोध घ्यायला लावला. खजिनदाराने सांगितले की वजिराचे खजिने दोन. एक सुलतानाचा, त्यातून फौज आणि तबेल्यांचा खर्च चालतो. दुसरा गरिबांचा. फिरिश्ता लिहितो की त्या दुसऱ्या खजिन्यात तीनशे लारी निघाल्या. लारी म्हणजे चांदीच्या तारेचे छोटे नाणे. एवढ्या मोठ्या राज्याच्या वजिराकडे एवढेच शिल्लक होते. सुलतानाच्या लक्षात सगळे आले, पण तेव्हा उशीर झाला होता.

पडझड

खरा निकाल पुढच्या काही दिवसांत लागला. गाविलचा इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान हबशी हे काही आफाकी नव्हते. विरुद्ध गटातले मानले जाणारे हे दोन सरदार आपल्या फौजा घेऊन सुलतानाच्या छावणीपासून वेगळे झाले. बोलावणे आले तरी ते आत गेले नाहीत. महमूदसारख्या वजिराची ही गत होते तर आपले काय, हा त्यांचा सवाल होता. युसूफ आदिलखान परतला, तोही त्यांच्यात सामील झाला. राज्य त्या दिवशी फुटले. शाह्यांची घोषणा नंतर झाली इतकेच.

सुलतान मुहम्मद वर्षभरही जगला नाही. दारू आणि पश्चात्ताप यांनी त्याला पोखरले. महमूद आपल्याला ओरबाडतो आहे असा भ्रम त्याला अखेरच्या दिवसांत होई, असे इतिहासकार नोंदवतात. मार्च १४८२ मध्ये तो वारला. बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर बसला आणि सारी सत्ता मलिक हसनच्या हाती आली. बीदरमध्ये आफाक्यांची कत्तल झाली. चार वर्षांत मलिक हसनचाही खून झाला. पुढे १४८७ मध्ये दख्खनी-हबशी मंडळींनी सुलतानावरच हल्ला केला तेव्हा आफाक्यांनी त्याला वाचवले आणि मग तीन दिवस दख्खन्यांची कत्तल चालली. एका गटाने दुसऱ्याला संपवायचे, मग दुसऱ्याने पहिल्याला. मधल्या मध्ये राज्य संपले.

१४९० च्या सुमारास मलिक हसनच्या मुलाने, मलिक अहमदने, जुन्नरच्या मुलखात निजामशाही उभी केली. युसूफने विजापुरात आदिलशाही, इमाद-उल-मुल्काने वऱ्हाडात इमादशाही. बीदरमध्ये बरीदांनी सुलतानाला बाहुले केले आणि गोवळकोंड्याला कुतुबशाही आली. मालोजीराजे आणि शहाजीराजांच्या गोष्टींत मराठी माणसाला जी निजामशाही आणि आदिलशाही भेटते, तिचा जन्म या पडझडीतला. महमूदने कष्टाने घेतलेले गोवा १५१० मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि तिथे साडेचारशे वर्षे राहिले.

राज्य कशाने गेले

बहमनी राज्य विजयनगरने बुडवले नाही, ओरिसाच्या राजाने नाही, माळव्याने किंवा गुजरातनेही नाही. १४८१ मध्ये ते राज्य पूर्वी कधी नव्हते इतके मोठे होते. मग ते का पडले?

पहिले कारण, माणसाची पारख कामावरून न करता तो कुठून आला यावरून करण्याची सवय. उजव्या-डाव्या हाताचे ते फर्मान काही दशकांतच दरबाराला गिळून बसले. आधी आलेला आणि नंतर आलेला, एवढाच काय तो फरक. आज इथला म्हणून मिरवणाऱ्या अनेक सरदारांचे आजे-पणजे स्वतःच परमुलखातून आलेले होते. खाडीकाठच्या गावांत आणि त्यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या वसाहतींत, जिथे भूमिपुत्र आणि दूरदूरहून पोटासाठी आलेले शेजारीशेजारी राहतात, तिथल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरे कारण, कानावर आलेल्या गोष्टीची शहानिशा न करणे. चाकणच्या वेळी खोटी खबर आली, खातरजमा झाली नाही. कोंडापल्लीला खोटे पत्र आले, तेव्हाही झाली नाही. आलेल्या बातमीची आधी छाननी करा, नाहीतर अजाणता कुणाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल, ही शिकवण कुराणातही आहे. ती त्या दरबारात रोज वाचली जात असणार. वाचणे आणि पाळणे यांत अंतर राहिले.

तिसरे कारण महमूदच्या कामातले. त्याच्या सुधारणा शहाण्या होत्या, पण त्यांचा सगळा भार दोन माणसांवर होता, एक स्वतः तो आणि दुसरा शुद्धीवर असलेला सुलतान. किल्ले, खालसा परगणे, हजेरी हे सगळे सुलतानाच्या नावाने चालणार होते आणि सुलतान तर पेल्यात बुडाला होता. वजिरावर आरोप आला तर तो कुठे तपासायचा, याची कोणतीही सोय नव्हती. शिवाय कारभार घट्ट बसण्याआधी मोहिमा चालू राहिल्या. राज्य ज्या वेगाने रुंदावले त्या वेगाने त्याची मुळे खोल गेली नाहीत. दुष्काळाने पिचलेल्या रयतेला सुलतान कोण आणि शाही कुठली याने फारसा फरक पडत नव्हता.

बीदरचा मदरसा पुढे दोनशे वर्षे उभा होता. औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा साठवलेला असताना १६९६ मध्ये मोठा स्फोट झाला आणि इमारतीचा बराच भाग कोसळला. आज एक मिनार, काही खोल्या आणि निळ्या टाइलांचे पट्टे शिल्लक आहेत. महमूदची कबर शहराबाहेर आहे, अगदी साधी. शाही मकबऱ्यांचे घुमट तिथून लांब, अष्टूर गावात आहेत.

रमजानच्या दिवसांत घराघरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. हाताशी किती आले, त्यातले दुसऱ्याचे किती, ते कुणापर्यंत पोहोचवायचे. महमूद गावानचा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मारेकऱ्यांनीच उघडून पाहिला, आणि तो चोख निघाला. सुलतानाच्या हिशेबात मात्र एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.